पदवीनंतर पुढे काय? : संशय आणि चालढकल यांची जोडी कशी ओळखावी

‘सेमिस्टर संपले की बघतो’, ‘एकदा नक्की ठरू दे, मग जोमाने लागते’, ‘अजून पुष्कळ वेळ आहे’... पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलामुलींच्या तोंडची ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. पुढे एम.एस्सी. करायचे की नोकरी धरायची, इथेच शिकायचे की परदेशी जायचे, हे ठरलेले नसते. आणि ठरलेले नाही म्हणून अभ्यासही सुरू झालेला नसतो. दिवस मात्र थांबत नाहीत. अर्जाची शेवटची तारीख येऊन ठेपते, तेव्हा रात्री अकरा वाजता फोटो आणि सही स्कॅन करण्याची धावपळ होते. नाहीतर अर्ज राहूनच जातो.

घरातील मोठी माणसे याला एकच नाव देतात : आळस. विद्यार्थीही ते नाव निमूटपणे स्वीकारतो आणि स्वतःला दूषणे देत बसतो. परंतु हे निदान बहुतेक वेळा चुकलेले असते आणि निदान चुकले की उपायही चुकतो. म्हणून विद्यार्थी मित्रहो, आधी निदान नीट करूया.

आळस वेगळा, संशय वेगळा

ज्याला घरात आळशी म्हटले जाते, तोच मुलगा कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी चार रात्री जागतो. मित्राचे वडील रुग्णालयात असले, तर आठवडाभर डबा पोचवतो. अंगात आळस मुरलेला असता, तर हे झाले नसते. त्याचे हात अडतात, ते फक्त एका ठिकाणी : स्वतःच्या पुढच्या वाटेच्या कामापाशी.

पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात चित्ताला विक्षिप्त करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत व्याधीच्या पाठोपाठ स्त्यान आणि संशय येतात, मग प्रमाद आणि त्यानंतर आलस्य. ही नावे वेगवेगळी मोजली आहेत, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. व्यासभाष्यात त्यांचे अर्थही वेगळे दिले आहेत. आलस्य म्हणजे शरीर आणि चित्त जड झाल्यामुळे प्रवृत्ती न होणे. स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता. काय करायचे ते ठाऊक आहे, अंगही ठणठणीत आहे, पण मन त्या कामाला हात लावत नाही. आणि संशय म्हणजे एकाच वेळी दोन्ही टोकांना चिकटलेले ज्ञान : असेही असेल, तसेही असेल.

जडपणाला उपाय सरळ आहेत. वेळेवर झोप, हलका आहार, थोडा व्यायाम, पहाटेचे उठणे. पण संशयाला याने काही होत नाही. पहाटे पाचला उठून, स्नान करून, टेबलाशी बसूनही तेच दोन पर्याय नऊ वाजेपर्यंत घोळवता येतात. अनेक प्रामाणिक मुले हेच करतात आणि ‘एवढे शिस्तीने राहूनही काही होत नाही’ म्हणून अधिकच खचतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे आली आहेत. तिथेही आळशी आणि दीर्घसूत्री, म्हणजे काम लांबणीवर टाकणारा, हे दोन शब्द स्वतंत्र आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये ‘विषादी’ हा शब्द आहे. चालढकलीच्या अगदी शेजारी खिन्नता बसलेली आहे! आजचे मानसशास्त्रही याच जागी बोट ठेवते. फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मधील लेखात मांडले की, चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा दोष नसून, एखाद्या कामामुळे मनात उठणारी अप्रिय भावना तेवढ्यापुरती टाळण्याचा प्रकार आहे. काम टाळले की क्षणभर बरे वाटते. त्या क्षणभराच्या बरे वाटण्याची किंमत पुढे मोजावी लागते.

एकमेकांना पोसणारी जोडी

समजा, इंदूरमधील एका घरातील मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र. गुण चांगले आहेत. एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी, असे तिच्या मनात आहे. ती अर्जाचे पान उघडते आणि लगेच दुसरा विचार येतो : मला खरेच संशोधन करायचे आहे का? मावसभाऊ म्हणतो, डेटा सायन्स शिक. बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. मैत्रीण बी.एड.ला चालली आहे. मग ती आणखी माहिती काढू लागते. कोणत्या संस्थेत किती जागा, मागील वर्षी किती गुणांवर प्रवेश थांबला, बाहेर पडल्यावर पगार किती. मोबाईलवर एक व्हिडिओ संपला की दुसरा तयारच असतो.

महिन्याभराने तिला बारा संस्थांची माहिती तोंडपाठ असते आणि एकही जुनी प्रश्नपत्रिका सोडवलेली नसते. ही खरी मेख आहे. माहिती गोळा करणे हे काम केल्यासारखे वाटते, त्यामुळे मनाला टोचणीही लागत नाही. पण तिला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, ‘हे मला जमेल का आणि आवडेल का’, त्याचे उत्तर कोणत्याही व्हिडिओत नव्हते. ते त्या प्रश्नपत्रिकेत होते. संशयामुळे अभ्यास थांबला आणि अभ्यास थांबल्यामुळे संशय फिटला नाही. मग तो वाढला.

याच्या तळाशी बहुधा एक भीती असते. ‘अर्ज केला नाही, म्हणून मिळाले नाही’ हे दुःख सोसता येते. ‘अर्ज केला, मनापासून अभ्यास केला आणि तरी मिळाले नाही’ हे सोसवत नाही. पहिल्या प्रकारात आपली हुशारी शाबूत राहते, निदान तसे वाटते. म्हणून मन नकळत पहिला प्रकार निवडते आणि त्या निवडीला ‘अजून नक्की ठरत नाही’ असे नाव देते. हे स्वतःशी तपासून पाहावे. सगळ्यांच्या बाबतीत ते खरे असेल असे नाही, पण पुष्कळांच्या बाबतीत असते.

तळ्यातील पाणी

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला तीन माशांची गोष्ट सांगतात. तिसऱ्या माशाचे नावच दीर्घसूत्र आहे. कोळी तळ्याचे पाणी बाहेर काढू लागतात. पुढचे ओळखणारा मासा म्हणतो, वाट आहे तोवर दुसऱ्या पाण्यात जाऊ. दीर्घसूत्र म्हणतो, एवढी घाई कशाला? पहिला निघून जातो. दुसरा, हजरजबाबी बुद्धीचा, जाळ्यात सापडल्यावर युक्तीने सुटतो. दीर्घसूत्र मरतो.

ही गोष्ट सांगताना आपण बहुधा दीर्घसूत्राला मूर्ख ठरवून मोकळे होतो. तसे पाहिले तर घाईने निर्णय घेऊ नये, हे त्याचे म्हणणे एरवी शहाणपणाचेच आहे. चूक इतकीच की, तो विचार करत असताना पाणी कमी होत होते आणि त्याने पाण्याकडे पाहिले नाही.

आपल्या तळ्याचे पाणी म्हणजे तारखा. अभियांत्रिकीच्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची ‘गेट’ परीक्षा फेब्रुवारीत होते, पण तिची नोंदणी साधारण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये. ‘जॅम’ही फेब्रुवारीत, तिचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात. केंद्रीय विद्यापीठांसाठीची ‘सीयूईटी पीजी’ अलीकडे मार्चच्या सुमारास होते आणि तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांना पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आदल्या डिसेंबर-जानेवारीतच अर्ज लागतात. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात. सांगायचे ते एवढेच की, जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गाचे पहिले दार आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच उघडते. ‘निकाल लागला की ठरवू’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला उरलेली दारे येतात.

त्यात आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आणखी एक फाटा फुटला आहे. चार वर्षांची पदवी घेतली तर पुढील पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा होऊ शकतो आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.साठीही पात्रता मिळते. म्हणजे ‘चौथे वर्ष करू की बाहेर पडू’ हा प्रश्न तिसऱ्या वर्षातच समोर उभा राहतो.

हलके निर्णय आणि जड निर्णय

इथे विद्यार्थ्यांची एक गल्लत होते, ती अनेकदा पाहायला मिळते. अर्ज भरणे म्हणजे आयुष्याचा निर्णय घेणे, असे ते समजतात. अर्ज भरणे म्हणजे दार उघडे ठेवणे. शुल्क परवडत असेल, तर संशय असतानाही अर्ज भरावा. त्यासाठी खात्री लागत नाही. ‘गेट’चे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतात आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते. ‘जॅम’चे गुण मात्र त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते चालतात. एवढा फरक कळला तरी कोणती परीक्षा आत्ता द्यावी आणि कोणती पुढे ढकलली तरी चालेल, याचा अर्धा उलगडा होतो.

जड निर्णय वेगळे. मोठे शैक्षणिक कर्ज हा जड निर्णय आहे. बँकांच्या नेहमीच्या योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ते भरावे लागत नाहीत, पण व्याज तेव्हाही चालूच असते. घर किंवा जमीन तारण ठेवायची असेल, तर तो एकट्या विद्यार्थ्याचा निर्णय राहतच नाही. नवल असे की, हलक्या अर्जासाठी चार महिने घोळ घालणारी मुले प्रवेशपत्र आले की आठ दिवसांत कर्जाच्या कागदांवर सह्या करतात. हे उलट व्हायला हवे.

संशय कशाने फिटतो?

विचाराने तो कमी होतो, पण फिटत नाही. फिटतो तो प्रत्यक्ष हात घातल्याने. ‘जॅम’ची प्रश्नपत्रिका तीन तासांची, १०० गुणांची, ६० प्रश्नांची असते आणि जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात. एका रविवारी सकाळी तयारी नसतानाही एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. गुण कमीच पडतील, ते बाजूला ठेवावेत. पाहायचे ते हे : चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर का चुकले, हे जाणून घ्यावेसे वाटले का? की वही मिटून टाकावीशी वाटली? एकाच दिवसावरून निष्कर्ष काढू नये. तीन रविवार करून पाहावे. त्या तीन सकाळी तीन महिन्यांच्या माहितीपेक्षा अधिक सांगतात.

‘एनपीटीईएल’वर आयआयटी आणि आयआयएससी येथील प्राध्यापकांचे पदव्युत्तर पातळीचे अभ्यासक्रम आहेत, शिकण्याला शुल्क नाही, फक्त परीक्षेला आहे. बारा आठवड्यांच्या एखाद्या अभ्यासक्रमाचे पहिले चार आठवडे गृहपाठासह पूर्ण करावेत. संशोधनाची ओढ खरी आहे का, हे पाहायचे असेल, तर देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते आणि विद्यावेतनही मिळते. तिची सूचना साधारण हिवाळ्याच्या तोंडाला निघते. आणि जिथे जायचे मनात आहे, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलावे. ‘कसे आहे तिथे?’ असे विचारले तर ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘काल दुपारी दोन ते सहा तू काय केलेस?’ असे विचारावे. प्रयोगशाळेत एकच मोजमाप अकरा वेळा घेतले, असे तो सांगेल. ते ऐकून हेवा वाटला, तर समजावे की काहीतरी सापडले आहे.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे उदाहरण इथे आठवते. १९०७ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम.ए. झाल्यावर विज्ञानात पोटापाण्याची वाट दिसत नव्हती आणि प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडला जाणेही जमले नव्हते. त्यांनी सरकारी अर्थखात्यात नोकरी धरली आणि कलकत्त्यास आले. तिथे बहूबाजार मार्गावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिवेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत कार्यालयापूर्वी आणि कार्यालयानंतर ते प्रयोग करीत. मधल्या काळात रंगून आणि नागपूर इथे बदल्या झाल्या. दहा वर्षांनी, १९१७ मध्ये, कमी पगार पत्करून ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. १९३० चे नोबेल पारितोषिक पुढचे. नोकरी की विज्ञान, हा निर्णय दहा वर्षे लांबला, पण त्या दहा वर्षांत प्रयोग लांबणीवर पडला नाही. आपल्याकडे नेमके उलट होते : निर्णयाची घाई आणि प्रयोगाची चालढकल.

शिक्षकांना भेटणे टाळू नये

शिफारसपत्र हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग असावा, असे मुलांच्या वागण्यावरून दिसते. परदेशी विद्यापीठे बहुधा तीन पत्रे मागतात. विद्यार्थी प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत जातो आणि परततो. ‘सर विचारतील, काय ठरवलेस? मग काय सांगू?’ जे खरे आहे, ते सांगावे : “सर, माझे अजून ठरत नाही. हे दोन मार्ग डोळ्यांसमोर आहेत. मी यापैकी कशात टिकेन, असे आपल्याला वाटते?” वर्षानुवर्षे मुलांना पाहिलेल्या शिक्षकाकडे या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा असते. अर्जुनाचे उदाहरण तर आपल्याला पाठच आहे. आपले चित्त गोंधळले आहे, हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले, त्यानंतरच उपदेश सुरू झाला. पत्र हवे असेल, तर निदान महिनाभर आधी मागावे आणि गुणपत्रिका, केलेले प्रकल्प, अंतिम तारीख हे सगळे एका कागदावर लिहून द्यावे. तारीख उलटून गेल्यावर तोंड लपवणे मात्र करू नये. उशीर झाला म्हणून सांगावे आणि विचारावे.

उशीर झाल्याची लाज हीच पुढच्या उशिराचे कारण होते. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. झाले ते झाले, असे मनाने स्वीकारले म्हणजे दोष झाकला, असे नव्हे. दोष पाहायला मन मोकळे होते.

संकल्पात स्थळ आणि काळ हवा

पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण आधी देशकालाचा उच्चार करतो. कोणत्या ठिकाणी, कोणत्या तिथीला, कोण, काय करणार आहे, हे बोलून मग पाणी सोडतो. ‘कधीतरी पूजा करीन’ असा संकल्प नसतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला निष्कर्ष याच जातीचा आहे : ‘मी अभ्यास करीन’ यापेक्षा ‘केव्हा, कुठे आणि कसा’ हे आधी ठरवलेले काम तडीस जाण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून वहीत ‘जॅमची तयारी’ असे लिहू नये. ‘रविवारी सकाळी आठ वाजता, ग्रंथालयात, २०१९ ची प्रश्नपत्रिका’ असे लिहावे. काम इतके लहान हवे की संशयासह ते करता यावे.

रोज दहा मिनिटे शांत बसावे, पण त्या वेळेत ‘काय करू’ हा प्रश्न सोडवू नये. अर्जाचे पान डोळ्यांसमोर आणावे आणि मनात काय उठते ते नुसते पाहावे. भीती आहे, की कंटाळा, की वडिलांचा चेहरा, की खरेच त्या विषयात रस नाही? दोन आठवड्यांत एकच गोष्ट पुनःपुन्हा वर येते. ती एका वाक्यात लिहून ठेवावी. त्याच पानावर निर्णयाची एक तारीख घालावी आणि ती घरात एकाला तरी सांगावी. पूर्ण खात्री त्या दिवशीही नसेल. त्या दिवशी जेवढे कळले असेल, तेवढ्यावर ठरवायचे.

पालकांसाठी

रोज जेवताना ‘ठरले का?’ असे विचारले, की मूल पुढच्या वेळी खोलीत जेवायला बसते. आठवड्यातून एकदा विचारावे आणि ‘काय ठरवलेस’ यापेक्षा ‘या आठवड्यात काय करून पाहिलेस’ असे विचारावे. घरातून किती पैसा उभा राहू शकतो, हा आकडा मुलांना स्पष्ट सांगावा. पुष्कळ घरांत तो संकोचाने सांगितला जात नाही आणि मुले अंदाजावर स्वप्ने तरी बांधतात किंवा मोडतात. आणि तीन रविवार प्रश्नपत्रिका सोडवून, दोघांशी बोलून, मुलगी म्हणाली की ‘मला पुढे शिकायचे नाही, मी नोकरी करते’, तर तेही उत्तर आहे. त्याला चालढकल म्हणू नये.

मात्र एक फरक ओळखावा. केवळ अर्जच नव्हे, तर आवडीच्या गोष्टीही सुटल्या, झोप आणि भूक बिघडली, मूल कोणाशी बोलेनासे झाले आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो आळसही नव्हे आणि संशयही नव्हे. पतंजलींच्या यादीत सर्वांत आधी व्याधी आहे, तशीच ही व्याधी असू शकते आणि तिला डॉक्टर लागतो. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानावर आले, तर दोन आठवडे वाट पाहू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. विद्यार्थी स्वतः बोलू शकतो, त्याच्या वतीने आई-वडीलही बोलू शकतात.